नाव नसलेलं घड्याळ

घड्याळांचा नाद असलेली माणसं एकत्र बसली की एक खेळ हमखास रंगतो. एकाने कंपनीचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने मनात येईल ते पहिलं मॉडेल सांगायचं. विचार करायचा नाही. रोलेक्स म्हटलं की सबमरीनर. ओमेगा म्हटलं की स्पीडमास्टर. कार्टिये, टँक. ओदमार पिगे, रॉयल ओक. जेजर-लकूल्त्र, रिव्हर्सो. कॅसिओ म्हटलं की कोणी जी-शॉक म्हणतं, तर कोणी शाळकरी पोरांच्या मनगटावरच्या त्या काळ्या प्लास्टिकच्या चौकोनाचा नंबर सांगतं, एफ-९१डब्ल्यू. एचएमटीचं नाव निघालं की दोन आवाज एकदम येतात, जनता आणि पायलट, आणि मग त्या दोघांत जुंपते. इथवर खेळ झरझर चालतो. मग कोणीतरी खोडसाळपणे म्हणतं, टायटन. आणि सगळे गप्प.

गंमत म्हणजे गप्प बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरी एकतरी टायटन असतं. लग्नात आलेलं, बहिणीला घेतलेलं, बापाला निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. देशातली सगळ्यात मोठी घड्याळ कंपनी आहे ती. तिच्या जाहिरातीतली मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीची धून माझ्या पिढीतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारली तर गुणगुणता येईल. मोझार्ट कोण हे माहीत नसणाऱ्यांनाही. कंपनी माहीत, धून माहीत, दुकान कुठल्या कोपऱ्यावर आहे ते माहीत. घड्याळ कुठलं, ते मात्र सांगता येत नाही.

या गप्प बसण्याचं मला बरीच वर्षं कुतूहल आहे. ‘चांगलं घड्याळ बनवलं नाही म्हणून’ हे त्याचं उत्तर नाही, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

‘आयकॉनिक’ हा शब्द आता मराठीत इतका सैल झालाय की मिसळीपासून मिशीपर्यंत कशालाही लागतो. नादिष्ट मंडळी तो वापरतात तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी नेमकं असतं, पण ते नेमकं काय हे विचारलं की तीही सैल बोलू लागतात. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: बाजारात त्याची नक्कल होते का? रोलेक्सची होते हे सांगायला नको. पण एचएमटी पायलटचीही होते. मूळ घड्याळ काही हजारांचंही नाही, तरी त्याच्या काळ्या डायली नव्याने छापल्या जातात, दुसऱ्याच कुठल्या एचएमटीच्या मशीनवर बसवल्या जातात आणि ‘जुनं, न वापरलेलं’ म्हणून विकल्या जातात. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दच रूढ आहे. जुन्या सेइको फाइव्हची झिजलेली डायल खरवडून तिच्यावर भडक निळा, केशरी, पोपटी रंग चढवायचा, वेगळेच काटे लावायचे, केस पॉलिश करून करून तिच्या कडा गुळगुळीत करायच्या आणि माल परदेशी धाडायचा. बोस्टन किंवा बर्लिनमधला कोणी नवशिका तो हौसेने घेतो आणि जाणकार त्याला हळूच सांगतात, बाबा रे, हे मुंबई स्पेशल. आपल्या शहराचं नाव जगाच्या शब्दकोशात असं जावं याचं वाईट वाटावं की कौतुक, हे मला ठरवता आलेलं नाही. त्या अरुंद गाळ्यांत डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या कारागिराचा हात बघितलात तर कौतुकाकडेच झुकाल. पण मुद्दा असा, की खोटी डायल कोणी उगाच छापत नाही. ज्याला नाव आहे त्याचीच छापतो. खोटं टायटन मिळतं, पण ते ‘टायटन’ असतं, अमुक टायटन नव्हे.

दुसरी खूण म्हणजे टोपणनावं. सेइकोच्या पाणबुड्यांच्या घड्याळांना लोकांनी कासव, ट्यूना, सुमो अशी नावं ठेवली. कंपनीच्या कागदावर तिथे फक्त आकडे आणि अक्षरं होती. आपण घरातल्याच पोराला टोपणनाव ठेवतो, पाहुण्याच्या नाही.

आता यातली कुठलीही वस्तू जन्मतः अशी नव्हती. रॉयल ओकची गोष्ट नादिष्टांना पाठ असते: १९७२ साल, जेराल्ड जेंटाने काढलेलं आठ कोनी तोंड, त्यावर आठ उघडे स्क्रू आणि स्टीलच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळाहून जास्त किंमत. सुरुवातीला ते धड खपत नव्हतं. स्पीडमास्टर १९५७ साली मोटारींच्या शर्यतीचा वेळ मोजायला निघालं. नासाने घेतलेल्या कठोर चाचण्यांतून ते १९६५ मध्ये पार पडलं आणि १९६९ मध्ये चंद्रावर गेलं. तेही ऑल्ड्रिनच्या मनगटावर, कारण आर्मस्ट्राँगने आपलं यानात ठेवलं होतं; यानातलं घड्याळ बिघडलं होतं म्हणून. कुठल्या जाहिरात खात्याने असा बेत केला असता?

रिव्हर्सोचा जन्म तर आपल्याकडच्या पोलोच्या मैदानात झाला असं कंपनी सांगते. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या. त्यांनी एका स्विस व्यापाऱ्याकडे तक्रार केली, आणि १९३१ साली काच आत आणि पाठ बाहेर करून उलटता येणारं घड्याळ निघालं. पुढे महायुद्ध झालं, फॅशन बदलली, रिव्हर्सो बाजूला पडलं. सत्तरच्या दशकात इटलीतल्या एका विक्रेत्याने कारखान्यात धूळ खात पडलेल्या रिकाम्या केस उचलल्या, त्यांत मशीनं बसवून घेतली, आणि ती हातोहात गेली. तो माणूस त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेला असता, तर आज आपल्या खेळात जेजर-लकूल्त्र म्हटल्यावरही सगळे गप्प बसले असते. मशीन बनवण्यात त्या कंपनीचा हात धरणारे थोडेच, तरीसुद्धा.

लाँजीनचं तसंच झालं. १८३२ पासूनची कंपनी, पंख असलेलं वाळूचं घड्याळ हे तिचं चिन्ह, तिची जुनी क्रोनोग्राफ मशीनं लिलावात भल्याभल्यांना पाणी पाजतात. लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला आणि पुढे वैमानिकांसाठी त्याने जे घड्याळ आखलं ते १९३१ मध्ये लाँजीननेच बनवलं. आपल्याकडे १९९९ पासून ऐश्वर्या राय लाँजीन घालते आहे, एवढी वर्षं तर संसारही टिकत नाहीत. पण तिच्या मनगटावर कुठलं लाँजीन असतं? मी अनेकांना विचारलं. ‘नाजूक असतं,’ यापलीकडे कोणी गेलं नाही. माझा तर्क असा: १९८३ पासून ओमेगा आणि लाँजीन एकाच समूहाच्या छपराखाली आले आणि एकत्र कुटुंबात जे होतं ते झालं. चंद्र, समुद्र, जेम्स बाँड हे सगळं पराक्रमाचं खातं ओमेगाकडे गेलं. लाँजीनच्या वाट्याला नेटकेपणा आला. नेटक्या माणसाची आठवण सगळे चांगलीच काढतात, पण गोष्ट सांगत नाहीत.

खरी गंमत मात्र घराजवळ आहे. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. मशीनची विद्या सिटिझनची. आता सिटिझन हे नाव कसं पडलं? १९२४ मध्ये त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, तेव्हा तोक्योचे माजी महापौर गोतो शिंपेई यांनी ते सुचवलं: चैनीची वस्तू न राहता नागरिकांच्या हाती जावी, म्हणून ‘नागरिक’. आणि इथे, शिष्याच्या कारखान्यात, त्याच घराण्यातलं सतरा खड्यांचं चावीचं मशीन एका साध्या पांढऱ्या तोंडाच्या घड्याळात बसलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘जनता’. नागरिकाचं जनता झालं. कित्येक डायलींवर तर ते नाव देवनागरीत आहे. मला वाटतं जगात कुठेही घड्याळाच्या तोंडावर आपल्या लिपीतलं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते तेच.

पण खेळात सिटिझनचं नाव घ्या, पुन्हा शांतता. पाणबुडे कदाचित ॲक्वालँड म्हणतील. बाकीचे म्हणतील ‘इको-ड्राइव्ह’, म्हणजे उजेडावर चालणारं तंत्र. तंत्र हे मॉडेल नव्हे. गुरूकडे विद्या राहिली आणि नाव शिष्याला मिळालं.

असं का व्हावं? एचएमटीचं कौतुक करणारे म्हणतात, साधेपणा, स्वदेशी, जुन्या काळची मजबुती. यातलं थोडं खरं आहे. पण मी बंगळूरमध्ये वाढले, आमच्या आसपास सरकारी कारखान्यांत काम करणारी माणसं होती, आणि मला जरा वेगळं दिसतं. एचएमटीने मॉडेलं काही कमी काढली नाहीत. कोहिनूर, कांचन, सोना, जवान, नावं घेत बसलं तर संपणार नाहीत. तुमकूर, श्रीनगर, राणीबाग अशा ठिकाणी कारखाने निघाले. पण जनता आणि पायलट ही दोन घड्याळं वर्षानुवर्षं जवळपास जशीच्या तशी निघत राहिली, कारण ती बदलायचं कारणच कोणाला पडलं नाही. आयात घड्याळांवर बंधनं होती, मागणी पुरवठ्याच्या पुढे धावत होती, लोक ओळखीपाळखी लावून घड्याळ मिळवत होते. ज्याच्या दारात रांग आहे तो दुकानाला रंग कशाला देईल? ॲम्बेसेडर गाडीचं तेच, चेतक स्कूटरचं तेच. एकच वस्तू बापाच्या हातात, मामाच्या हातात, शाळेतल्या सरांच्या हातात, कंडक्टरच्या हातात. वीस-तीस वर्षं. मग ती नुसती वस्तू राहत नाही, ती त्या काळाचा चेहरा होते. ज्या आळसाने, किंवा नाइलाजाने म्हणा, कंपनी पुढे बुडाली, त्याच आळसाने तिचं घड्याळ अमर केलं. रोलेक्सने हेच जाणूनबुजून केलं. १९५३ चं सबमरीनर आणि आजचं सबमरीनर शेजारी ठेवा, काका-पुतणे आहेत हे लांबून कळतं. आपल्याकडे ते सरकारी फायलीच्या वेगाने झालं, एवढाच फरक.

२०१४ मध्ये कारखाने बंद होणार अशा बातम्या आल्या तेव्हा बंगळुरात एचएमटीच्या दुकानांसमोर पुन्हा तशाच रांगा लागल्या. जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने बंदवर शिक्कामोर्तब केलं. त्या रांगांत उभे असलेल्या कित्येकांच्या मनगटावर, मला खात्री आहे, टायटन होतं.

कारण मधल्या काळात टायटन आलं होतं. टाटा आणि तामिळनाडू सरकारचं उद्योग महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये कंपनी काढली, कारखाना होसूरला, म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर. झर्क्सिस देसाई हे तिचे सूत्रधार. त्यांनी एक गोष्ट ओळखली जी एचएमटीला दिसली नाही: लोकांना वेळ बघायला घड्याळ हवं आहे हे खरं, पण त्याहून जास्त ते द्यायला हवं आहे. पेपरातल्या त्यांच्या सुरुवातीच्या जाहिराती मला आठवतात. अख्ख्या पानावर ओळीने घड्याळं, खाली किमती. बघत बसावं. शोरूममध्ये काचेखाली दिवे. आणि विकणारा मुलगा कंटाळत नाही. तुम्ही म्हणा ‘आणखी दाखवा’, तो आणखी दाखवतो.

या ‘आणखी दाखवा’मध्ये सगळं आलं. मेव्हण्याला गेल्या वर्षी दिलं तेच यंदा कसं देणार? भाचीला जे घेतलं ते पुतणीला नको. टायटनने घड्याळ साडीसारखं विकलं, आणि साडीच्या दुकानात आपण काय करतो? शेजारीण नेसली होती तशीच साडी समोर आली की हळूच बाजूला सारतो. पैठणी, इरकल, नारायणपेठी अशी साड्यांच्या जातींना नावं आहेत, एकेका साडीला नाही. टायटनमध्येही तेच झालं. रागा, नेब्युला, फास्टट्रॅक, सोनाटा, सगळी कुळांची नावं. कुळातल्या एकेका घड्याळाच्या वाट्याला आला तो नंबर, आणि तो पाठीमागे, बारीक अक्षरांत. धंद्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं. ज्या गुणामुळे कंपनी मोठी झाली, त्याच गुणाने तिच्या एकाही घड्याळाला एकटं मोठं होऊ दिलं नाही.

यात एक गोष्ट मला खटकते, ती सांगून टाकते. खेळ खेळणारे बहुतेक पुरुष असतात, आणि ‘आयकॉनिक’ची व्याख्या त्यांच्या हौशीवर बेतलेली आहे. पुरुषाला दुसऱ्या पुरुषाच्या हातात आहे तेच घड्याळ हवं असतं. खोल समुद्र, विमान, शर्यत, चंद्र. यातलं काही न करणारा माणूस ऑफिसात बसून ते घालतो आणि सुखी होतो. बायकांच्या घड्याळांना या यादीत जागाच नाही. कार्टियेचं टँक सोडा, पण ते तर रणगाड्यावरून सुचलेलं! माझ्या ओळखीच्या निदान दहा जणींकडे रागा आहे, प्रत्येकीचं वेगळं, आणि त्या वेगळेपणाचाच तिला आनंद आहे. त्या आनंदाला मोजायचं माप नादिष्टांकडे नाही, म्हणून तो नाही असं ते धरून चालतात.

हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं राहिलं असतं, पण बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात दोन घड्याळं निघाली. एक जनता, त्यांनी सत्तरच्या दशकात घेतलेलं. दुसरं सोनेरी मुलाम्याचं टायटन, १९९४ मध्ये निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेलं, पाठीवर त्यांचं नाव आणि दोन तारखा कोरलेलं: रुजू झाले ती आणि सुटले ती. भाऊ पुण्याहून आला होता. त्याने ड्रॉवर उघडताच म्हटलं, ‘ताई, बाबांचं जनता मी नेऊ?’ मी म्हटलं, ने. ‘आणि ते दुसरं?’ तो म्हणाला. ते दुसरं.

मी मग हिशेब मांडत बसले. जनता बाबांनी वीसएक वर्षं वापरलं. टायटन मिळालं त्या संध्याकाळी त्यांनी जनता काढून ठेवलं ते ठेवलंच. रोज सकाळी चावी द्यायचा कंटाळा आला होता आणि तसं ते बोलूनही दाखवत. पुढची तेवीस वर्षं, शेवटच्या आजारपणात हात सुजला म्हणून नर्सने काढून माझ्याकडे दिलं तोवर, त्यांच्या हातात टायटन होतं. माझ्या लग्नाच्या फोटोत टायटन आहे. माझ्या मुलीला त्यांनी घड्याळ वाचायला शिकवलं ते टायटनवर. भावाच्या मुलांनी तर आजोबांच्या हातात जनता कधी पाहिलंच नाही. तरी सगळ्यांच्या तोंडी ‘आजोबांचं घड्याळ’ म्हणजे ते जनता, काचेच्या पेटीत ठेवलेलं, पाहुण्यांना दाखवायचं. भावाचा यात काही दोष नाही. त्याला धरायला एक शब्द मिळाला, त्याने तो धरला. दुसऱ्याला शब्दच नव्हता.

बाजारात नेलं असतं तर जनताला चार पैसे आले असते. टायटनला एका दुकानदाराने मशीनचे म्हणून शंभर देऊ केले, वर म्हणाला, ‘पाठीवर नाव आहे ना मॅडम, कोण घेणार?’

टायटनच्या बाजूने कोणी एज काढेल, आणि काढायलाच हवं. २००२ मध्ये आलं ते. पूर्ण घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाडीचं, आतलं मशीन १.१५ मिलिमीटर, आणि तरी पाणी आत न जाणारं. होसूरच्या इंजिनियरांनी त्यावर चार वर्षं घालवली. माझ्या मते आपल्या देशात बनलेलं तंत्रदृष्ट्या सगळ्यात धाडसी घड्याळ तेच. जनता आणि पायलट त्याच्यासमोर उसनी विद्या आहे. मग खेळात एजचं नाव सटकन का येत नाही? एक कारण आलंच वर: एजचंही कुळ झालं, चौकोनी, सिरॅमिकचं, चावीचं, नाना डायलींचं. पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. एजचा सगळा पराक्रम त्याच्या कडेला आहे. समोरून बघाल तर एक साधं, सभ्य, गोल घड्याळ. फोटोत कळत नाही, बसमध्ये समोर बसलेल्याच्या हातात दिसत नाही. रॉयल ओकचे आठ कोन खोलीच्या त्या टोकावरून ओळखू येतात. एज ओळखायला ते हातातून काढून आडवं धरावं लागतं. म्हणजे ज्याच्या हातात आहे त्यालाच ते माहीत. (फेवर ल्युबाचं असंच काहीसं झालं. १९६२ मध्ये त्यांनी उंची आणि हवेचा दाब दाखवणारं बिव्हूअ‍ॅक काढलं, गिर्यारोहकांसाठी. पण आपल्याकडे आजोबांचं ‘फेवर ल्युबा’ एवढंच राहिलं, पुढचं गळून पडलं.)

बंगळूरच्या चिकपेटेत रविवारी सकाळी जुन्याचा बाजार भरतो. मी अधूनमधून जाते. तिथे एक पंचविशीतला मुलगा भेटतो, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सगळे एचएमटीच्या ढिगावर तुटून पडलेले असतात तेव्हा हा शेजारच्या टोपलीत हात घालतो, जिच्यात सेल संपलेली क्वार्ट्झ घड्याळं किलोवर विकावी तशी पडलेली असतात. त्याला फक्त टायटन हवं असतं, तेही पहिल्या दहा-पंधरा वर्षांतलं. प्रत्येकाची पाठ बघून तो नंबर एका वहीत उतरवतो, शेजारी पेन्सिलने डायलीचं चित्र काढतो, आणि नाव नाही म्हणून स्वतःच नाव ठेवतो. एजला त्याने ‘पापड’ म्हटलंय. एका जाड सोनेरी कड्याच्या बायकी घड्याळाला ‘मावशी’. शब्द त्याने त्याच्या शेजारच्या मराठी कुटुंबाकडून उचलला. चौकोनी, रोमन आकड्यांचं एक आहे, ते ‘रजिस्ट्रार’. का, विचारलं तर म्हणाला, त्यांच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारांकडे होतं, मॅडम.

गेल्या खेपेस मी बाबांचं टायटन हातात घालून गेले होते. त्याने ते लांबूनच ओळखलं. ‘हे? हे तर रिटायरमेंट,’ तो म्हणाला. ‘माझ्याकडे चार आहेत. चारींच्या पाठीवर नावं.’ पिशवीतून काढून त्याने ती दाखवली. एक कुणी तमिळ गृहस्थ, एक रेल्वेतले, एका बाईंचं नाव, चौथ्याची अक्षरं घासून निम्मी गेलेली. मी विचारलं, पॉलिश करून नावं काढत का नाहीस, किंमत वाढेल. तो म्हणाला, ‘काढली तर मॉडेल कसं ओळखायचं?’

मग त्याने माझं विकत मागितलं. मी नाही म्हटलं. ‘ठीक आहे मॅडम,’ तो म्हणाला, ‘नंबर तरी लिहून घेतो.’ मी घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उजेडाकडे धरून आधी नंबर उतरवला, मग खाली बाबांचं नाव, आणि दोन्ही तारखा.